मोठ्याने वाचायची अट

काटेवाल्यांच्या घरात एक अट होती. संगणकावरच्या काळ्या खिडकीत ते जी कमांड लिहितील, ती एंटर दाबायच्या आधी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायची.

अट बायकोनेच घातली होती. काटेवाल्यांनी आयुष्यभर दुकानांतले आणि वखारींतले वजनकाटे दुरुस्त केले, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी त्यांना लिनक्सचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका प्रणालीचा, नाद लागला. एका वखारवाल्याने भंगारात काढलेला संगणक त्यांनी घरी आणला, फुकट मिळणारं लिनक्स त्यावर चढवलं आणि तेव्हापासून रोजचे दोन तास त्या टेबलाशी जायला लागले. बायको संगणकाला सवत म्हणायची. "चहा इथे पिणार, की सवतीकडे आणू?" असं स्वयंपाकघरातून विचारायची. एकदा या सवतीची मर्जी सांभाळताना काटेवाल्यांनी विम्याचे, पेन्शनचे, घराचे असे स्कॅन करून ठेवलेले सगळे कागद एका फटक्यात पुसून टाकले. त्या दिवशी अट आली.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली होती, "पण तुम्ही अडखळलात की मला कळतं. इतकी वर्षं ऐकतेय तुम्हाला."

आणि खरंच कळायचं. ती पलंगावर विणत बसलेली असायची, हे वाचायचे, ती "हं" म्हणायची, मग एंटर. एकदा हे वाचत असताना तिच्या सुया थांबल्या. "थांबा. मघाशी बी म्हणालात, आता सी म्हणताय." काटेवाल्यांनी पाहिलं, तर एंटर दाबला असता तर भलतीच डिस्क कोरी झाली असती.

तिला जाऊन आता अकरा महिने झाले होते. अट कोणी रद्द केली नव्हती, पण ऐकायला कोणी नव्हतं. रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचायचं म्हणजे आपणच आपल्याला वेडे वाटतो. काटेवाले हल्ली मनातल्या मनात वाचत.

रविवारी सकाळी साडेनऊला मुलीचा फोन आला. ती दूर राहायची, दर रविवारी फोन करायची.

"बाबा, आईचं एखादं तरी रेकॉर्डिंग पाठवा ना. किती महिने मागतेय."

"पाठवतो गं. सगळं नीट लावून पाठवतो."

"लावू नका हो. जसं आहे तसं पाठवा. तुम्ही लावायला घेतलं की संपलंच."

"म्हणजे?"

"म्हणजे परत सगळं पुसून टाकाल. आई असती तर हेच म्हणाली असती."

काटेवाल्यांना ते लागलं. "आजच करतो," म्हणाले आणि फोन ठेवून टेबलाशी बसले.

रेकॉर्डिंगं म्हणजे रविवारच्या फिरण्याची. नऊ वर्षं दोघं जमेल त्या रविवारी सकाळी कुठेतरी जाऊन यायची. लांब नाही. बसने तासाभराच्या आतलं काहीही. पाण्याची उंच टाकी, कालव्याचे दरवाजे, बंद पडलेल्या गिरणीचं फाटक, रेल्वेचा लोखंडी पूल. काटेवाले फोटो काढायचे. बायको गळ्यात छोटा रेकॉर्डर अडकवायची आणि जे दिसेल ते बोलत चालायची. घरी आल्यावर ती त्या दिवसाचा फोल्डर बनवायची आणि नावही तीच द्यायची. तारीख कधी घातली नाही. 'चप्पल तुटली', 'कुत्रा मागे लागला', 'चूक तुमचीच होती', 'ऊन फार'. अशी दोनशे बारा नावं होती. शेवटचं नाव 'फेरी, सातवा मजला'. ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधली फेरी होती. रेकॉर्डर तिने तिथेही मागवून घेतला होता. ते रेकॉर्डिंग काटेवाल्यांनी अजून उघडलं नव्हतं.

हे सगळं आता एकाच डिस्कवर होतं. असं व्हायला नको होतं, पण झालं होतं. ती गेल्यापासून काटेवाल्यांनी संगणकावरचं लिनक्स चार वेळा बदललं. एकात प्रिंटर चालेना, दुसऱ्यात अक्षरं फिकट दिसत, तिसऱ्यात काहीच खोट सापडेना म्हणून तेही काढलं. चौथं चढवताना संगणकाच्या आतली डिस्क कोरी केली. बाहेरच्या डिस्कवर सगळं आहे, दुसरी प्रत उद्या काढू, असं म्हणून. तो उद्या तीन आठवडे लांबला.

आज प्रत काढायची होती. बाहेरच्या दोन डिस्का त्यांनी शेजारी शेजारी जोडल्या. एक तिच्या आवाजाची. दुसरी जुनी, कामाच्या काळातल्या बिलांची. ती पुसायची आणि तिच्यावर प्रत घ्यायची, एवढं साधं काम. दोन्हींना काटेवाल्यांनी कुलूप घातलं होतं, म्हणजे पासवर्डाशिवाय कोणाला काही दिसू नये असं. बायको त्यावरही टोचायची. "आपल्या घरातून चोर काय नेणार? माझी बडबड?"

जुन्या डिस्कच्या कुलपाची किल्लीच कायमची पुसून टाकायची कमांड त्यांना पाठ होती. ती लिहिली. मशीनने विचारलं, यानंतर ही डिस्क उघडता येणार नाही, खात्री आहे का, असेल तर मोठ्या अक्षरांत येस लिहा. काटेवाल्यांनी लिहिलं. एंटर दाबला. काम क्षणात झालं.

मग त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली.

जोडलेल्या डिस्कांना मशीन ओळीने अक्षरं देतं. आधी जोडाल ती एसडीबी, नंतरची एसडीसी. काटेवाले नेहमी जुनी डिस्क आधी जोडत. आज टेबलावर तिच्या आवाजाची डिस्क हाताशी होती, तीच आधी जोडली गेली. कमांडीत एसडीबी होतं.

म्हणजे किल्ली पुसली गेली होती ती तिच्या आवाजाच्या डिस्कची. खोलीत घड्याळाची टिकटिक होती आणि दोन्ही डिस्कांचे निळे दिवे शांत जळत होते, जणू काही झालंच नव्हतं.

फोल्डर उघडून पाहिला. उघडला. 'चप्पल तुटली' होतं, 'ऊन फार' होतं. एवढ्याने दुसऱ्या कोणाला हायसं वाटलं असतं. काटेवाल्यांना नाही, कारण या गोष्टी ते जाणून होते. डिस्क त्यांनी सकाळीच पासवर्ड घालून उघडली होती, म्हणून अजून दिसत होती. खरी किल्ली डिस्कवर उरलीच नव्हती. ती आता फक्त चालू मशीनच्या आठवणीत होती. मशीन चालू आहे तोवर सगळं दिसणार. मशीन बंद झालं, वायर निसटली, वीज गेली, की बरोबर पासवर्ड हजारदा लिहिला तरी उपयोग नाही.

वायरीकडे त्यांनी श्वास रोखून पाहिलं. त्या डिस्कची खोबण ढिली होती, हात लागला की जोडणी तुटायची. बायकोने ती वायर हिरव्या लोकरीने टेबलाच्या पायाला बांधून टाकली होती. गाठ अजून पक्की होती. टेबलाखाली यूपीएस होतं, पण त्याची बॅटरी वर्षभरापूर्वीच फुगली होती. आता त्याचा उपयोग पाय टेकायला.

वेळ आहे, काटेवाल्यांनी स्वतःला समजावलं. घाई नको. शांतपणे जुनी डिस्क कोरी करू, सगळं तिच्यावर घेऊ. दोन तास लागतील. वीज काही रोज जात नाही.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात वायरमन होता. खांद्याला पिशवी, कानाच्या मागे टेस्टर, कपाळावर घाम. इमारतीची कामं तोच करायचा.

"काका, लाइट बंद करतोय. खालच्या मेन बोर्डात वायर जळतेय. वास नाही का आला?"

"किती वेळासाठी?"

"चार-पाच तास. अख्खी केबल बदलायचीय. फ्रिज वगैरे बघून घ्या, पाच मिनिटांत खटका ओढतो."

काटेवाल्यांनी वायरमनचा दंडच धरला.

"दोन तास थांबा."

"काय?"

"दोन तास. हात जोडतो. माझं एक काम चालू आहे संगणकावर. वीज गेली तर सगळं जाईल."

"अहो काका, बोर्डाजवळ हात धरवत नाही इतकी गरम झालीय वायर. तुमच्या संगणकातल्या गाण्यांसाठी बिल्डिंग पेटवू का?"

"गाणी नाहीत. बायको आहे."

वायरमनने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं. या घरातली काकू गेली हे त्याला माहीत होतं. तिच्या आजारपणात बेडरूममधला पंखा त्यानेच बदलला होता.

काटेवाल्यांनी चार वाक्यांत सांगितलं. आवाज कुठे आहे, काय चूक झाली, वीज गेली तर काय होईल. बाकीचं वायरमनला कळलं नसेल, पण शेवटचं कळलं.

"दोन तास विसरा," तो म्हणाला. "गीझर, इस्त्री, एसी, सगळं बंद करायला सांगतो घरोघर. लोड उतरला तर अर्धा तास निघेल. पण काका, वास वाढला तर मी विचारायला वर येणार नाही. सरळ खटका ओढणार. खाली बायामाणसं आहेत."

"चालेल. पण एक मिनिट आत या. फक्त एक मिनिट."

"आता काय?"

"मी एक ओळ वाचतो. तुम्ही ऐका."

काटेवाले बसले. जुनी डिस्क कोरी करायची होती. पुन्हा तसलीच कमांड, पुन्हा तसलाच प्रश्न. घाईत अक्षरं दोनदोनदा उमटत होती. खोडत, लिहीत ते म्हणाले, "यातली बी म्हणजे तिची डिस्क. बी-ला हात लावायचा नाही. सी पुसायची. लक्षात ठेवा."

"बी ठेवायची, सी पुसायची," वायरमन म्हणाला. "आमचं पण असंच असतं. खांबावरचा ओरडतो, खालचा तेच परत ओरडतो, मगच खटका. वाचा."

काटेवाल्यांनी वाचलं. कमांडीचं नाव वाचलं, मधले शब्द वाचले, शेवटी म्हणाले, "एसडीबी." आणि बोट एंटरकडे नेलं.

"बी?" वायरमन ओरडला. "काका! बी ठेवायची म्हणालात ना!"

बोट हवेतच राहिलं. काटेवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं. सवयीच्या बोटांनी पुन्हा तेच लिहिलं होतं. कदाचित मशीनने अडवलंही असतं. पण मघाशी तरी कुठे अडवलं होतं?

त्यांनी ते अक्षर खोडलं, सी लिहिलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"एसडीसी," वायरमनने परत म्हटलं. "सी पुसायची. दाबा."

दाबलं. जुनी बिलं गेली, कोरी डिस्क हाती आली. या वेळी काटेवाल्यांनी कुलूप घातलं नाही.

वायरमन जिन्याने धावत खाली गेला. "इस्त्री बंद करा हो, गीझर बंद करा," ही त्याची हाक मजल्यामजल्याला ऐकू येत होती. काटेवाल्यांनी सगळे फोल्डर उचलून नव्या डिस्कवर टाकलं आणि किती वेळ लागेल ते पाहिलं. दोन तास दहा मिनिटं.

सगळं जमणार नव्हतं. फोल्डरांत त्यांचे फोटो होते, मोठ्ठाले, आणि सगळी जागा त्यांनीच खाल्ली होती. टाकीचे चाळीस, फाटकाचे साठ, पुलाचे तर मोजदाद नव्हती. तिच्या आवाजाची फाइल प्रत्येक फोल्डरात एकच, आणि लहान. पण ती फोटोंच्या ढिगात कुठेतरी पडलेली. दोनशे बारा फोल्डर उघडून एकेक उचलायला दिवस गेला असता.

काटेवाल्यांनी चालू कॉपी थांबवली. नऊ वर्षांचे फोटो. हिवाळ्यातल्या सकाळी तासन्‌तास उभं राहून काढलेले. ती म्हणायची, "एका खांबाचे किती फोटो? तो काय लग्नाला उभा आहे?" त्यांनी पुन्हा काळी खिडकी घेतली आणि फक्त आवाजाच्या फाइली वेचून आणायची कमांड लिहायला लागले. एकेका फाइलला तिच्या फोल्डरचं नावही मिळायला हवं होतं, नाहीतर तिने दिलेली नावं गेली असती. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा मशीन म्हणालं, अशी फाइल नाही. घड्याळात तेरा मिनिटं गेली होती. आता खोलीतही तो वास यायला लागला होता, रबर जळल्यासारखा.

तिसऱ्यांदा लिहून झाल्यावर ते थांबले. खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी पलंगाकडे तोंड केलं आणि पूर्ण ओळ मोठ्याने वाचली. कुठून, कुठे, कोणत्या फाइली, कोणत्या नावाने. मध्ये एके ठिकाणी ते अडखळले. तिथे पाहिलं, तर एक अवतरणचिन्ह राहिलं होतं. ते घातलं. परत वाचलं. या वेळी अडखळले नाहीत. एंटर.

नावं सरकायला लागली. 'कुत्रा मागे लागला'. 'बस चुकली'. 'चूक तुमचीच होती'. नावं कसल्याच क्रमाने येत नव्हती. ते एकच नाव शोधत होते आणि ते येत नव्हतं. साठ झाली. शंभर झाली. पंखा एकदा मंदावला, दिवा पिवळा पडला, परत उजळला. काटेवाल्यांनी आपल्या नकळत टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरलं, मग वायर आठवली आणि हात सोडला.

दीडशे. एकशे नव्वद. खालून आवाज आला, "काका! झालं का?"

"दोन मिनिटं!" ते खिडकीतून ओरडले.

"धूर निघतोय!"

'फेरी, सातवा मजला' सरकलं. मागून आणखी सहा-सात नावं गेली आणि सरकणं थांबलं. झालं असं दिसत होतं. पण काटेवाल्यांना ठाऊक होतं, झालं असं दिसतं तेव्हा झालेलं नसतं. मशीन कॉपी केलेलं बरंचसं आपल्यापाशीच धरून ठेवतं आणि मग सवडीने डिस्कवर लिहितं. सगळं लिहून टाक, असं सांगायची कमांड चार अक्षरांची आहे. त्यांनी ती दिली. मशीन उत्तर देईना. निळा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता.

"काका, ओढतोय!"

"थांबा!"

"नाही थांबता येत!"

"दहा मोजा! मोठ्याने मोजा!"

खाली वायरमन मोजायला लागला. एक. दोन. त्याच्याबरोबर जिन्यात उभी असलेली दोन-चार माणसंही मोजायला लागली, काय चाललंय ते कळलं नसताना. पाच. सहा. काटेवाले दिव्याकडे बघत होते. आठ. नऊला दिवा थांबला. काळ्या खिडकीत नवी ओळ उमटली की नाही, हे नजरेने धरायच्या आत पडदा विझला. पंखा फिरत फिरत थांबला.

काटेवाले तिथेच बसून राहिले. चहा करावासा वाटला नाही. डिस्कांना हात लावला नाही.

वीज पावणेचारला आली. वायरमन स्वतः वर आला, हात काळे झालेले. "चालू करा," म्हणाला. बसला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

आधी काटेवाल्यांनी तिची डिस्क जोडून पाहिली. पासवर्ड लिहिला. उघडली नाही. माहीत होतं, तरी अजून दोनदा लिहिला. मग दुसरी जोडली. तिला कुलूपच नव्हतं, ती लगेच उघडली. नावं आली. त्यांनी मशीनला मोजायला लावली.

"दोनशे बारा," ते म्हणाले. पण नाव असलं म्हणजे आत आवाज आहेच असं नाही. कोणती लावावी? 'फेरी, सातवा मजला'वर बोट गेलं आणि तिथून बाजूला सरकलं. त्यांनी 'दोनशे सहा पायऱ्या' लावली.

आधी वारा. मग ती. "अहो, फोटो पुरे. वर चला, आणि पायऱ्या मोजा. मी इथूनच मोजते, बघू कोणाचं चुकतं." मग लोखंडी जिन्यावर पावलं, आणि लांबून काटेवाल्यांचाच आवाज, एक, दोन, तीन.

वायरमनने खिशातलं फडकं काढून हात पुसले. खूप वेळ पुसत राहिला.

"ते फोटो गेले म्हणायचे सगळे," तो शेवटी म्हणाला.

"गेले."

"नऊ वर्षांचे."

"पुलाचेच होते हो. पूल काय, जागेवरच आहे," काटेवाले म्हणाले. "परत काढेन. कुठे उभं राहायचं ते ती सांगेलच."

वायरमन गेल्यावर त्यांनी मुलीला फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तिने ओरडावं असं त्यांना वाटत होतं, ती ओरडली नाही.

"आत्ता पाठवता?" एवढंच म्हणाली.

"आत्ताच पाठवतो. सगळी, जशी आहेत तशी. तुझ्याकडे एक प्रत, माझ्याकडे एक. फक्त फोन ठेवू नकोस. मी कमांड वाचतो, ती ऐक."

"मी ऐकून काय करू, बाबा?"

"ऐक नुसती."

त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून ओळ वाचली.

"मला यातलं काहीही कळलं नाही," मुलगी म्हणाली. "परत वाचा."

"तुझ्या आईलाही कळायचं नाही," काटेवाले म्हणाले आणि पहिल्यापासून वाचायला लागले.